ठोका आणि चाल : संगीताच्या संगणकभाषांचे व्याकरण कोण लिहिणार?

दरवर्षी एप्रिलचा पहिला पंधरवडा उजाडला, आणि पुढे गणपतीचे दहा दिवस आले, की आमच्या हर्सूलमध्ये माणसांच्या आधी खिडक्यांच्या काचा बोलू लागतात. कधी तलावाच्या बाजूने, कधी तुरुंगाच्या रस्त्याने, कधी जुन्या गावातून मिरवणूक निघालेली असते, आणि तिच्या पुढे ध्वनिवर्धकांची भिंत चालत असते. या आवाजाविषयी मराठी वृत्तपत्रांतून पुष्कळ लिहून झाले आहे. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल अशी मर्यादा २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी घालून दिली आहे आणि ती कशी पाळली जाते, हे सर्वांना ठाऊक आहे. ती तक्रार रास्तच आहे. तिच्यात भर घालण्याचा आमचा विचार नाही. आम्ही दोघेही महाविद्यालयात मराठी शिकवतो, आणि भाषा शिकवणाऱ्याला पडणारा प्रश्न थोडा निराळा असतो. हा आवाज कोणत्या भाषेत लिहिलेला आहे? त्या भाषेचे व्याकरण कोणी केले?

'लिहिलेला' हा शब्द येथे अक्षरशः घ्यावा. मिरवणुकीत जे वाजते ते त्या क्षणी कोणी वाजवत नसते. ते आठ-पंधरा दिवस आधी, कोठल्या तरी दहा बाय दहाच्या खोलीत, संगणकावर लिहून ठेवलेले असते. आमचा एक माजी विद्यार्थी हेच काम करतो. बी.ए.ला त्याने मराठी घेतले होते. एक जुना लॅपटॉप, एक हेडफोन आणि एफएल स्टुडिओ नावाची संगणकप्रणाली एवढा त्याचा सरंजाम आहे. पडद्यावर चौकोनांच्या ओळी दिसतात. एक ओळ म्हणजे एक वाद्य, आणि एका ओळीत सोळा चौकोन. जो चौकोन उजळवाल तेथे ठोका पडतो. जुन्या भीमगीतातला गाणाऱ्याचा आवाज तेवढा वेगळा काढायचा, त्याखाली या चौकोनांतून ढोल, हलगी, संबळ भरायचे आणि तळाशी घरे हलवणारा खर्ज घालायचा, की मिरवणुकीचे गाणे तयार. हलगी तो वाजवत नाही. ती त्याला फोल्डरमध्ये मिळते : हलगी ०१, हलगी ०२, हलगी ०३. कोणी वाजवली, कोठल्या गावची, काहीही नोंद नाही. मित्राकडून मित्राकडे पेनड्राइव्हवर आलेली ही हलगी अनाथ आहे.

गंमत अशी, की या विद्यार्थ्याचा सख्खा चुलता फुलंब्रीकडच्या एका गावात हलगी वाजवायचा. गेल्या वर्षी आम्हीच आग्रह धरला, की फोल्डरमधली हलगी कशाला, आप्पांचीच नोंदवून घे. त्याने ती घेतली. मग त्याच्या क्षेत्रातल्या रीतीप्रमाणे नोंदवलेल्या आवाजाचे ठोक्याठोक्याला तुकडे केले आणि प्रत्येक तुकडा जवळच्या चौकोनाच्या रेषेवर सरकवून बसवला. या क्रियेला ते 'क्वांटाइझ' करणे म्हणतात. आम्ही सगळे ऐकायला बसलो. आप्पांनी पूर्ण ऐकून घेतले आणि म्हणाले, "हात माझाच हाय. पण चाल मेली, सर."

पोराने समजावले, "आप्पा, बीटला बसवलंय फक्त." आप्पा काही बोलले नाहीत. हा लेख त्या 'फक्त'विषयी आहे.

*

संगणकाकडून संगीत करवून घेण्याचा इतिहास आता जवळजवळ सत्तर वर्षांचा झाला. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत मॅक्स मॅथ्यूज या अभियंत्याने १९५७ मध्ये 'म्युझिक' नावाची आज्ञावली लिहिली. तिच्यावर वाजलेली न्यूमन गटमन यांची पहिली रचना अवघी सतरा सेकंदांची होती. या आज्ञावलीचा वंश पुढे वाढत गेला. त्यातील आजही वापरात असलेली भाषा म्हणजे बॅरी व्हर्को यांनी १९८६ मध्ये एम.आय.टी.त सिद्ध केलेली 'सीसाउंड'. या घराण्याच्या भाषांत एक मूलभूत विभागणी आहे. एका भागात वाद्याची व्याख्या लिहायची, दुसऱ्या भागात त्या वाद्याने वाजवायच्या स्वरांची यादी द्यायची. यादीतील प्रत्येक ओळ सांगते : कोणते वाद्य, केव्हा सुरू, किती वेळ, किती उंचीचा स्वर.

वरवर पाहता ही अगदी निरुपद्रवी सोय वाटते. पण व्याकरणकाराच्या नजरेने पाहा. येथे स्वर हा नाम आहे, सुटा, मोजता येण्याजोगा, आरंभ आणि शेवट असलेला पदार्थ. पाश्चात्त्य स्वरलेखनात तो तसाच असतो, म्हणून या भाषेतही तो तसा आला. आपल्याकडे मींड घेतलेल्या गंधारात आरंभ कोठला आणि शेवट कोठला? तेथे स्वर नाम असण्यापेक्षा क्रियापद अधिक आहे. सीसाउंडमध्ये मींड लिहिता येत नाही असे नव्हे, उत्तम येते. पण ती आधी सुटा स्वर लिहून, मग त्याला वळण जोडून लिहावी लागते. आपल्याकडे जे मूळ, ते तेथे आभूषण होऊन येते.

१९८३ मध्ये निरनिराळ्या कंपन्यांच्या वाद्यांना एकमेकांशी बोलता यावे म्हणून 'मिडी' हा संकेत ठरला. त्याने स्वरांना ० ते १२७ असे क्रमांक दिले. हे क्रमांक म्हणजे पियानोच्या पट्ट्याच होत, सप्तकाला बारा, सगळ्या समान अंतराच्या. मधले काही हवे असेल तर वाकवण्याची निराळी सोय आहे, पण ती मूळ संकेतात वाद्याच्या एका वाहिनीवरील सर्व स्वरांना एकदमच वाकवते. प्रत्येक स्वराला स्वतंत्र वळण देण्याची सोय २०२० च्या सुधारित आवृत्तीत आली. दरम्यानची सदतीस वर्षे जगातील बहुतेक सगळी वाद्ये बारा पट्ट्यांची भाषा बोलत राहिली.

आणि १९९७ च्या अखेरीस बेल्जियममध्ये 'फ्रूटीलूप्स' नावाची एक छोटी प्रणाली जन्मली. तीच २००३ पासून 'एफएल स्टुडिओ' झाली. तिचे सोळा चौकोन म्हणजे चार-चारच्या चार मात्रा. सात मात्रांचा रूपक किंवा दहा मात्रांचा झपताल तिच्यात बसवता येत नाही काय? येतो, आकडे बदलले की येतो. 'स्विंग' नावाचीही एक सोय असते, ती एकाआड एक ठोका ठरावीक प्रमाणात मागे ढकलते. परंतु आकडे बदलायला आधी ते बदलायचे आहेत हे सुचावे लागते. व्याकरणाची सत्ता मना करण्यात नसते. उघडल्याबरोबर जे समोर येते ते आपण 'साधे' समजतो आणि उरलेले 'अपवाद', यात ती असते.

मराठीच्या विद्यार्थ्याला हे सांगावे लागू नये. आपल्या भाषेचे एक आरंभीचे छापील व्याकरण विल्यम केरी यांनी १८०५ मध्ये श्रीरामपुराहून काढले, ते इंग्रजीत, परक्यांनी मराठी शिकावी म्हणून. १८३६ मध्ये दादोबा पांडुरंगांनी मराठीतून व्याकरण रचले खरे, पण साचा बराचसा इंग्रजी व्याकरणाचा होता. इंग्रजीच्या साच्यात मराठीचे प्रयोग, विभक्ती, शब्दयोगी अव्यये कोंबताना जी ओढाताण झाली ती निस्तरण्यात पुढच्या पिढ्या गेल्या. मोरो केशव दामले यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' यायला १९११ साल उजाडावे लागले. त्याच्या आदल्याच वर्षी, १९१० मध्ये, पं. विष्णु नारायण भातखंडे यांच्या 'हिंदुस्थानी संगीत पद्धती'चा पहिला भाग निघाला, तोही मराठीत. त्याच वर्षी सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवल यांचे बावीस श्रुतींवरील इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले. ज्या पेटीत बाराच स्वर आहेत त्या पेटीचे आपल्या गाण्यात काय करायचे, या प्रश्नाने देवलांना झपाटले होते. दोन वर्षांच्या आत आलेली ही तीन पुस्तके एकमेकांशी सर्वस्वी भिन्न आहेत, पण तिन्हींच्या मागे एकच जाणीव आहे : व्याकरण दुसऱ्याने केले, तर आपली नेहमीची बोली अशुद्ध ठरते.

*

आता कोणी म्हणेल, कलावंत खमका असेल तर यंत्राला वाकवतो. खरे आहे, आणि याचे उदाहरण मुंबईतच घडले. हिंदी चित्रपटसंगीतात वादक म्हणून काम केलेले चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये रोलंड कंपनीची तीन यंत्रे समोर ठेवून दहा रागांची एक तबकडी काढली. त्यांतले एक यंत्र खर्ज वाजवणाऱ्या साथीदाराची जागा घेण्यासाठी बनवलेले होते. त्यात एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय होती, आणि सिंगांच्या कानाने तिच्यात मींड ओळखली. तबकडी तेव्हा फारशी कोणी ऐकली नाही. त्याच यंत्रातून शिकागोच्या तरुणांनी १९८७ मध्ये एक नवा नृत्यसंगीतप्रकार जगापुढे आणला. सिंगांची तबकडी २०१० मध्ये पुन्हा निघाली तेव्हा पाश्चात्त्य रसिक चकित झाले, की हा मुंबईचा गृहस्थ तर पाच वर्षे आधीच तेथे पोचला होता. २०१५ मध्ये सिंग वारले. परंतु यातून निष्पन्न काय होते? एका माणसाने आपल्या कानाच्या बळावर यंत्र वाकवले. यंत्राचे व्याकरण मात्र जसेच्या तसे राहिले. त्यांच्यामागून येणाऱ्याला पुन्हा पहिल्यापासून वाकवावे लागले.

व्याकरणच बदलण्याचा प्रयत्नही आपल्याच देशात झाला आहे, आणि त्याची एक शाखा थेट महाराष्ट्राच्या जात्यापर्यंत येते. ही हकिगत मराठीत जितकी सांगितली जायला हवी तितकी सांगितली गेलेली नाही.

१९८० च्या दशकाच्या आरंभी जेम्स किप्पेन हा ब्रिटिश संगीत-अभ्यासक लखनौ घराण्याचे खलिफा उस्ताद आफाक हुसेन खाँ यांच्याकडे तबला शिकत होता. कायद्याचा विस्तार उस्ताद कसा करतात, हजारो शक्य पलट्यांतून नेमके कोणते 'बरोबर' मानतात, हे त्याला समजून घ्यायचे होते. बर्नार बेल या फ्रेंच अभियंत्याने त्यासाठी 'बोल प्रोसेसर' नावाची आज्ञावली लिहिली. ॲपल-२ जातीच्या त्या काळच्या चिमुकल्या संगणकावर ती चालत असे. कळफलकाच्या एकेका कळीला तबल्याचा एकेक बोल नेमून दिलेला होता. कायदा कसा वाढतो याचे नियम त्यात लिहायचे, चॉम्स्की यांनी वाक्यरचनेसाठी मांडलेल्या औपचारिक व्याकरणाच्या धर्तीवर. मग यंत्र त्या नियमांतून नवे पलटे तयार करी, आणि ते उस्तादांपुढे ठेवले जात. उस्ताद सांगत : हा चालेल, हा नाही, हा बरोबर आहे पण आमच्या घराण्याचा नाही. जेथे चुकले तेथे नियम दुरुस्त करायचा आणि पुन्हा विचारायचे.

या पद्धतीत काय घडत होते ते नीट पाहावे. तबल्याचा आवाज त्या यंत्रात नव्हताच. तेथे पडद्यावरची अक्षरे होती. यंत्रात शिरले होते ते तबल्याचे ज्ञान, आणि त्या ज्ञानाचा अंतिम निवाडा वाजवणाऱ्याच्या हाती राहिला होता. आमच्या विद्यार्थ्याच्या फोल्डरमध्ये नेमके उलटे आहे. तेथे हलगीचा आवाज आहे, ज्ञान नाही, आणि निवाडा देणारा कोण हेही कोणाला माहीत नाही. एखादे वाद्य संगणकात दोन वाटांनी जाऊ शकते, कच्चा माल म्हणून किंवा नियम म्हणून. लखनौचा तबला नियम म्हणून गेला. महाराष्ट्राची हलगी कच्चा माल म्हणून गेली. आम्हांला जे म्हणायचे आहे ते एवढेच आहे. पुढचे सगळे त्याचे स्पष्टीकरण.

बोल प्रोसेसरची पुढची आवृत्ती मॅकिन्टॉश संगणकावर आली. १९९४ मध्ये मुंबईच्या एनसीपीएत अँद्रेइन बेल यांच्या 'क्रोनोस' या नृत्यरचनेसाठी ती वापरली गेली. तिच्यातून काळ मोजण्याची एक कल्पना पुढे आली. एका मात्रेच्या अवकाशात 'तिरकिट'सारखे चार बोल बसवायचे असतील, तर त्या चारांना एकत्र कंसात घालायचे. कंसातले सगळे मिळून एका मात्रेची जागा घेतात. तबल्याच्या कोणत्याही विद्यार्थ्याला ठाऊक असलेली ही दुगुण-चौगुणाची गोष्ट. इंग्लंडमधील ॲलेक्स मॅक्लीन यांनी 'टायडलसायकल्स' ही संगीताची भाषा रचताना तिची लघुलिपी बोल प्रोसेसरवरून प्रेरणा घेऊन बांधली. या भाषेचे मूळ एकक सोळा चौकोनांची ओळ नव्हे, आवर्तन आहे. आवर्तनात सात नावे लिहा, ते सात समान मात्रांत वाटले जाते. पाच लिहा, पाचांत. आकडा बदलावा लागत नाही, कारण मुळात आकडा ठरवलेलाच नाही. श्रोत्यांसमोर उभे राहून पडद्यावर आज्ञा टंकत संगीत करणाऱ्या जगभरच्या मुलामुलींची ही आज आवडती भाषा आहे. २०२२ पासून तिचेच 'स्ट्रडल' नावाचे रूप कोणत्याही न्याहाळकात, काहीही उतरवून न घेता, फुकट चालते. बर्लिनच्या किंवा मेक्सिकोच्या एखाद्या मुलीने चौकोनी कंस टाकून ताल बांधला, तर त्या कंसाच्या पूर्वजांत लखनौचे एक उस्ताद आहेत. तिला हे ठाऊक असेलच असे नाही, पण व्याकरणात ते आहेत.

आता या हकिगतीची दुसरी शाखा. हेच बर्नार बेल १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात पुण्याच्या गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांच्या कामात सामील झाले. त्या दोघांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या ओव्या गोळा करण्याचे काम चालवले होते; त्यांची संख्या एक लाखाच्या वर गेली. बेल यांनी त्या ओव्यांसाठी संगणकीय संग्रह बांधला आणि शंभराहून अधिक तासांचे ध्वनिमुद्रण केले. 'पारी' या संस्थेने २०१७ पासून हा ठेवा महाजालावर क्रमाक्रमाने प्रसिद्ध केला आहे. या संग्रहाचे वैशिष्ट्य असे, की तेथे ओवीबरोबर गाणारीचे नाव आहे आणि गाव आहे. ज्या माणसाने उस्तादांना विचारल्याशिवाय नियम पक्का केला नाही, त्याच माणसाच्या संग्रहात कोण्या खेड्यातल्या दळणाऱ्या बाईचे नाव ओवीपासून तुटत नाही. आम्हांला हा योगायोग वाटत नाही. दोन्हीकडे वृत्ती एकच आहे.

*

येथे मराठीच्या अभ्यासकांनी स्वतःकडे पाहायला हवे. आम्ही आमच्यापासूनच आरंभ करतो.

वृत्त शिकवताना आम्ही वर्षानुवर्षे फळ्यावर 'यमाताराजभानसलगं' लिहीत आलो. लघू आणि गुरू अशी दोनच चिन्हे, तीन अक्षरांचा एक गण, म्हणून आठ गण. दोनाचा तिसरा घात आठ, ही संगणकाच्या वर्गात पहिल्या दिवशी सांगायची गोष्ट आम्ही मराठीच्या वर्गात सांगत होतो आणि आम्हांला ते माहीत नव्हते. मात्रावृत्तात लघूची एक मात्रा आणि गुरूच्या दोन धरल्या, तर चार मात्रा किती प्रकारे भरता येतील? पाच. पाच मात्रा? आठ. सहा? तेरा. आठ मात्रा चौतीस प्रकारे. आधीच्या दोहोंची बेरीज म्हणजे पुढची संख्या हा नियम विरहांक आणि पुढे बाराव्या शतकात हेमचंद्र या छंदःशास्त्रकारांनी दिला; युरोपात हीच संख्यामाला १२०२ मध्ये ग्रंथ लिहिणाऱ्या फिबोनाची यांच्या नावाने चालते. ठोके आणि विराम कसकसे मांडता येतात, याचे गणित आपल्याकडे कवितेच्या शास्त्रात झाले. माधव जूलियन यांनी 'छंदोरचने'त मराठीपुरता त्याचा जो पसारा मांडला, तो आजच्या परिभाषेत बोलायचे तर आज्ञावलीला लागणाऱ्या नियमांचा कोशच होय.

म्हणजे हे व्याकरण लिहिण्याची पूर्वतयारी मराठी विभागात नाही असे नाही. उणीव निराळीच आहे. लोकसाहित्याच्या अभ्यासपत्रिकेसाठी आमच्या विद्यार्थ्यांनी आजवर कित्येक गोंधळगीते, वाघ्यामुरळीची गाणी, पोवाडे आणि ओव्या उतरवून आणल्या. आम्ही त्या तपासल्या. त्यांत शब्द आहेत, शब्दांचे अर्थ आहेत, देवतांची स्थाने आहेत. वाद्याविषयी सरसकट एक वाक्य आढळते : 'संबळाची साथ असते.' कोणती साथ, कोठे थांबते, कोठे दुप्पट होते, हे एकाही प्रबंधिकेत नाही, आणि आम्हीही कधी विचारले नाही. शब्द तेवढे साहित्य, ठोका म्हणजे गोंगाट, ही समजूत मिरवणुकीवर चिडणाऱ्या सद्गृहस्थांची आहे असे आम्ही मानत होतो. ती आमचीही निघाली.

*

यावर एक गंभीर आक्षेप आहे, आणि तो आमच्या विद्यार्थ्यानेच घेतला. तो म्हणाला, "सर, तुम्ही म्हणता ते ठीक आहे. पण हलगी आमच्या घरातून जावी, म्हणून माझ्या आजोबांनी भांडण केलं होतं."

या वाक्यापुढे क्षणभर आम्हांला काही सुचले नाही. हलगी हे नुसते वाद्य नाही. गावगाड्याने ती विशिष्ट जातींच्या गळ्यात अडकवली होती. लग्न असो, जत्रा असो, मयत असो, बोलावले की जायचे, दाराबाहेर उभे राहून वाजवायचे आणि मिळेल ते घ्यायचे. १९२७ च्या महाड परिषदेत बाबासाहेबांनी गावकीची हीन कामे टाकून देण्याचे आवाहन केले, आणि त्यानंतरच्या काळात पुष्कळ घरांनी मेलेली जनावरे ओढण्याबरोबर हे वाजवणेही टाकले. ते टाकणे हा पराक्रम होता. शहरातल्या सुखवस्तू माणसाने आज 'अरेरे, लोककला लोपली' असे उसासे टाकणे म्हणजे त्या पराक्रमाचा अपमान आहे. लॅपटॉपपुढे बसलेल्या पोराला कोणी दाराबाहेर उभे करीत नाही. आपल्या कामाचे पैसे तो आधी ठरवून घेतो. वामनदादा कर्डकांच्या परंपरेतले गाणे तो सोळा चौकोनांत बसवतो, तेव्हा त्यात त्याची मुक्तीही असते. हे न पाहता त्याच्यावर 'चाल मारल्याचा' आरोप ठेवणे अन्याय्य होईल.

पण मग आप्पांच्या हातात जे आहे त्याचे काय? वाद्य टाकता येते, तसे ज्ञानही टाकूनच द्यायचे का? आम्हांला वाटते, नियमाच्या वाटेचे खरे मोल येथे आहे. गावकी ज्ञानाला देहाशी बांधत होती : हे अमक्याच्या पोटी जन्मलेल्यानेच करावे, आणि त्याने दुसरे करू नये. फोल्डरमधला लूप ज्ञान देहापासून तोडतो खरा, पण त्याबरोबर नावही तोडतो आणि ज्ञानही मागे ठेवतो. व्याकरण ज्ञानाला देहापासून मोकळे करते आणि तरी ते कोणाकडून आले हे सांगते. लखनौचा कायदा समजायला खलिफाच्या घरात जन्मावे लागत नाही. पण तो आफाक हुसेन खाँ यांचा होता हे कोणी पुसूही शकत नाही. हलगीला हा मान मिळायला हरकत कोणती? तबला घराणेदार आणि हलगी गावकीची, एवढीच ना? मग हा संगीताचा भेद नव्हे, तो जुनाच भेद आहे, नव्या यंत्रात शिरलेला.

*

याप्रमाणे बोलून झाल्यावर काही करून पाहणे भाग होते. पावसाळ्यात आम्ही, तो विद्यार्थी आणि आप्पा असे चौघे चार-पाच रविवार बसलो. आप्पांनी हलगी आणलीच नाही. ते तोंडाने बोलत गेले, मांडीवर बोटे वाजवत गेले; आम्ही लिहीत गेलो. दोन गोष्टी लवकरच ध्यानात आल्या. एक म्हणजे त्यांची लय स्थिर नसते. लेझीम जसजशी चढते तसतशी ती चढते, आणि ती किती चढवायची हे समोरच्या पायांकडे पाहून ठरते. प्रणालीच्या कोपऱ्यात गाण्याच्या आरंभीच मिनिटाला किती ठोके याचा जो एक आकडा नेमलेला असतो, तो येथे आकडाच नाही, ती एक चढण आहे. दुसरी गोष्ट, बारीक काडीचा ठोका नेहमी किंचित आधी येतो, आणि टिपरूचा जेथल्या तेथे. 'क्वांटाइझ' केल्यावर दोन्ही एका रेषेवर आले होते. 'चाल मेली' ती येथे. मराठीत चाल म्हणजे गाण्याची रीतही आणि पायांची गतीही. आप्पांनी एकाच शब्दात दोन्ही सांगितले होते. आम्ही त्यांतले एकच ऐकले होते.

मग विद्यार्थ्याने स्ट्रडलमध्ये आम्ही उतरवलेले पाच-सहा नियम लिहिले : कशापुढे काय येऊ शकते, उलटताना काय गळते, काडी किती आधी. त्यातून बारा नवे तुकडे काढले आणि आप्पांना ऐकवले. आप्पांनी चार मान्य केले. बाकीच्या आठांविषयी म्हणाले, "हे कुणीतरी शाळेत शिकलेला वाजवतोय." आम्ही हसलो, पण खरे सांगायचे तर आम्हांला त्या निकालाचा आनंदच झाला. निकाल देणारा माणूस जेथे हजर असतो तेथे चूक दुरुस्त होऊ शकते.

आमचे मागणे फार मोठे नाही. लोकसाहित्याच्या अभ्यासात गाण्याच्या शब्दांबरोबर ठोकाही उतरवला जावा, वाजवणाऱ्याच्या तोंडच्या बोलांत. त्यावर त्याचे नाव आणि गाव असावे, जसे जात्यावरच्या ओवीवर आहे. त्या बोलांचे नियम मराठीच्या आणि संगणकाच्या विद्यार्थ्यांनी एकत्र बसून लिहावेत आणि वाजवणाऱ्यासमोर तपासून घ्यावेत. बोल प्रोसेसर आज मुक्त स्रोत म्हणून उपलब्ध आहे. स्ट्रडलला न्याहाळकापलीकडे काही लागत नाही. पैशाची अडचण आहे असे म्हणायला येथे वाव नाही. आणि कोणाचा ठोका कोणाच्या गाण्यात गेला, तर मानधनात त्याचा वाटा असावा, हे आमच्या विद्यार्थ्याने स्वतःहून ठरवले आहे, ही गोष्ट आम्ही येथे आनंदाने नोंदवतो.

काळ मात्र थोडा आहे. आप्पांचे वय झाले आहे. त्यांच्या गावात त्यांच्या बरोबरीने वाजवणारे आता दोघेच उरले आहेत, आणि त्यांतल्या एकाला ऐकू कमी येते. मान्य झालेले चार तुकडे येत्या एप्रिलच्या मिरवणुकीच्या गाण्यात घालायचे ठरले आहे, सोळा चौकोनांच्या प्रणालीतच, पण रेषेवर न सरकवता. खिडक्यांच्या काचा त्याही दिवशी थरथरतील, यात शंका नाही. डेसिबलची तक्रार करणाऱ्यांत कदाचित आम्हीही असू. पण त्या आवाजात बारीक काडी किंचित आधी पडते की नाही, हे ऐकायला आम्ही या वेळी खिडकी उघडून उभे राहणार आहोत.